प्रसूतीत हयगय झाली असेल तर : वाचकांचे कायदेविषयक प्रश्न आणि उत्तरे

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतून प्रसूतीच्या वेळी झालेल्या हानीविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची आणि रुग्णालयांची नावे गाळली आहेत आणि पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्या मुलीची पहिली खेप म्हणून ती माहेरी आमच्याकडे आली होती. कळा सुरू झाल्यावर पहाटे तिला तालुक्याच्या गावातील खासगी प्रसूतिगृहात दाखल केले. दिवसभर फक्त सिस्टर होत्या. दुपारी सलाईनमधून कळांचे इंजेक्शन दिले. संध्याकाळी पाणी हिरवे गेले, तेव्हा डॉक्टरांना फोन केला, पण ते रात्री आले. बाळ जन्मल्यावर रडले नाही. दुसऱ्या रुग्णालयात नेऊन काचेत ठेवले, तिथे त्याला झटके आले. आता नातू एकोणीस महिन्यांचा आहे, अजून मान धरत नाही. प्रसूतिगृहाचे म्हणणे असे की हा नशिबाचा भाग आहे. गावातील जाणती माणसे काही रक्कम घेऊन मिटवा म्हणतात. जावई नालासोपाऱ्याला नोकरीला आहेत. आम्ही काय करावे?
— एक आजोबा, संगमेश्वर तालुका

उत्तर : काका, सर्वप्रथम मुदतीविषयी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत दाखल व्हावी लागते. आपला नातू एकोणीस महिन्यांचा आहे, म्हणजे आपल्या हाती जेमतेम पाच महिने उरले आहेत. सबळ कारण दाखवल्यास उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, परंतु त्याच्या भरवशावर कोणीही थांबू नये. मिटवामिटवीची बोलणी बहुतेक वेळा याच दोन वर्षांत रेंगाळतात, आणि मुदत टळली की समोरच्या पक्षाला बोलणी करण्याचे कारणच उरत नाही. तडजोड करण्यास माझा विरोध नाही, मात्र ती तक्रार दाखल करून मग करावी. ‘आमची काही तक्रार नाही’ अशा मजकुराच्या कागदावर तर सध्या कोणीही सही करू नये, कारण तो कागद पुढे आपल्याविरुद्धच पुढे केला जाईल.

या आठवड्यात करण्याचे काम म्हणजे केसपेपर मिळवणे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारनियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे डॉक्टरांनी तीन वर्षे जपून ठेवायची असतात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. अर्ज मुलीच्या सहीने लेखी करा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, आणि प्रसूतिगृह अर्ज स्वीकारत नसेल तर तो स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. अर्जात केवळ ‘सर्व कागद द्यावेत’ असे मोघम लिहू नका. दाखल करतानाची नोंद, कळांची प्रगती आणि बाळाचे ठोके वेळेनुसार लिहिलेला पार्टोग्राफ, ठोक्यांच्या आलेखाची पट्टी काढली असल्यास ती पट्टी, औषधांचा तक्ता, सिस्टरांच्या नोंदी, संमतिपत्रे आणि बाळ जन्मल्यावर पहिल्या व पाचव्या मिनिटाला त्याचा श्वास, ठोके, रंग वगैरे पाहून दिलेले ॲपगार गुण, असे नाव घेऊन मागा. कागद नाकारले तर तो नकार हाच व्यावसायिक गैरवर्तनाचा मुद्दा ठरतो, आणि आयोगही त्यावरून रुग्णालयाविरुद्ध निष्कर्ष काढू शकतो.

दुसऱ्या रुग्णालयाचे कागद याहून मोलाचे ठरू शकतात. बाळ तिथे पोहोचले त्या घटकेला तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी लिहिलेली पहिली नोंद पाहा: बाळाचा रंग, श्वास, आणलेली वेळ, ‘जन्मानंतर रडले नाही’ हा इतिहास, सोबत आणलेल्या चिठ्ठीतील मजकूर. ही नोंद लिहिणाऱ्याला काही लपवण्याचे कारण नव्हते. पहिल्या प्रसूतिगृहाच्या कागदांत नंतर भर घातली गेली असेल, तर वेळांचा मेळ बसत नाही आणि ते या नोंदीशी ताडून पाहिल्यावर उघडे पडते. त्या दिवशी आपण डॉक्टरांना केलेल्या फोनच्या वेळा मोबाइलमध्ये असतील तर त्यांची चित्रे आजच काढून ठेवा.

आता हयगय कशाला म्हणायचे, याबद्दल मी आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. परिणाम वाईट झाला म्हणजे हयगय झाली, असे कायदा मानत नाही. काळजी घेण्याचे कर्तव्य होते, सामान्य कुशल डॉक्टरने घेतली असती तेवढी काळजी घेतली गेली नाही, आणि त्याच कारणाने हानी झाली, या तिन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. तिसरी सर्वांत कठीण असते. सिरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारे अपंगत्व) असलेल्या बऱ्याच मुलांत मेंदूला इजा प्रसूतीच्या आधीच, गर्भात असताना झालेली असते, आणि रुग्णालयाचे वकील नेमके हेच म्हणतील. त्यामुळे पहिल्या काही दिवसांत आलेले झटके, कमी ॲपगार गुण, नाळेच्या रक्ताची तपासणी झाली असल्यास तिचा अहवाल आणि मेंदूचा एमआरआय, हे सर्व एकत्र ठेवून एखाद्या स्वतंत्र बालमेंदूरोगतज्ज्ञाचे लेखी मत घ्यावे. आपल्या पत्रातील हकिगत कागदांवर तशीच उतरली असेल, तर माझ्या मते प्रश्न विचारण्यास भरपूर जागा आहे. कळांचे इंजेक्शन चालू असताना बाळाचे ठोके ठरावीक अंतराने मोजून लिहायचे असतात, आणि हिरवे पाणी ही डॉक्टरांना तातडीने बोलावण्याची खूण आहे. ते ठोके कोणी, किती वेळा मोजले आणि फोननंतर डॉक्टर येईपर्यंत किती वेळ गेला, यावर हे प्रकरण उभे राहील किंवा पडेल. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले आहे. तरीही प्रसूतीच्या प्रकरणात ते असल्याशिवाय पुढे जाऊ नये, असा माझा सल्ला आहे.

तक्रार कोठे करावी, हा प्रश्न अनेकांना अडवतो, कारण मोठी भरपाई मागायची तर मुंबईला जावे लागेल असा समज आहे. २०१९ च्या कायद्यात आयोगाची पायरी मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, सेवेसाठी दिलेल्या रकमेवर ठरते. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, हा नियम आहे. प्रसूतीचे बिल तेवढे होणार नसल्याने नातवाच्या आयुष्यभराच्या देखभालीसाठी कितीही मोठी रक्कम मागितली तरी तक्रार जिल्हा आयोगातच चालेल, आणि दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्कही भरावे लागणार नाही. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तेथेही तक्रार करता येते, त्यामुळे जावयांच्या पत्त्यावरूनही ती करणे शक्य आहे. मात्र साक्षीदार, कागद आणि प्रसूतिगृह रत्नागिरी जिल्ह्यात असताना ती रत्नागिरीतच करावी. चाकरमान्याला प्रत्येक तारखेला गावी येणे जमत नाही, पण तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि दूरदृश्य पद्धतीने सुनावणीची तरतूदही आहे.

तक्रारदार म्हणून आई-वडील आणि त्यांच्यामार्फत बाळ, असे दोन्ही घाला. बाळाचा आणि आई-वडिलांचा हक्क वेगवेगळा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ च्या स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या प्रकरणात मान्य केले. त्यात बाळासाठी साडेबारा लाख आणि आई-वडिलांच्या मनस्तापासाठी पाच लाख अशी भरपाई कायम झाली. आज ते आकडे लहान वाटतील, पण तत्त्व तेच आहे. समोरच्या बाजूला डॉक्टर, प्रसूतिगृहाचे मालक आणि डॉक्टरांचा व्यावसायिक विमा असल्यास विमा कंपनी यांना सामील करा. मागणीत आजवरचा खर्च, पुढील फिजिओथेरपी, औषधे, उपकरणे, सांभाळणाऱ्या माणसाचा पगार आणि आईला सोडावी लागलेली नोकरी हे वेगवेगळे दाखवा, आणि प्रत्येकाला पावतीचा किंवा निदान अंदाजपत्रकाचा आधार द्या.

निकालाची वाट न पाहता करण्याचे एक काम राहिले. जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नातवाची नोंद करा, अपंगत्व प्रमाणपत्रासाठी अर्ज करा, आणि निदान सिरेब्रल पाल्सीचे असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्याची चौकशी करा. त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. यामुळे आपला दावा दुबळा होत नाही. उलट उपचारांची सलग नोंद तयार होते, आणि मुलासाठी हे महिने पुन्हा मिळणारे नाहीत.

प्रश्न : माझ्या बहिणीची प्रसूती सरकारी रुग्णालयात झाली. वार पडल्यानंतर रक्तस्राव थांबेना. रक्त उपलब्ध नव्हते. बऱ्याच वेळाने रुग्णवाहिकेतून गोव्यातील बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात नेताना वाटेतच ती गेली. बाळ सुखरूप आहे. उपचार मोफत होते, त्यामुळे तक्रार करता येणार नाही असे एका परिचितांनी सांगितले. हे खरे आहे काय?
— एक वाचक भगिनी, वेंगुर्ला तालुका

उत्तर : ताई, परिचितांचे म्हणणे अर्धे खरे आहे. ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या १९९५ च्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली, परंतु ज्या रुग्णालयात सर्वांनाच सर्व सेवा विनामूल्य मिळते त्याला त्या निकालाने वगळले, आणि केसपेपरची नाममात्र रक्कम घेतली तरी ही स्थिती बदलत नाही असेही सांगितले. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले आहेत. गोरगरिबांसाठी हा निर्णय चांगलाच आहे, पण त्यामुळे या रुग्णालयांविरुद्ध ग्राहक आयोगाचा मार्ग अधिक अवघड झाला, हे कोणी फारसे बोलत नाही. आपण ग्राहक आयोगात वेळ घालवू नये, असे मला वाटते.

मात्र शासनाची जबाबदारी त्यामुळे संपत नाही. १९६३ साली औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात एका मातेची प्रसूती झाली, तीन दिवसांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली, पोटात कापडाचा बोळा राहिला आणि ती दगावली. राज्य सरकारने आपण जबाबदार नाही अशी भूमिका घेतली, उच्च न्यायालयाने ती मान्यही केली, परंतु १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी डॉक्टरांच्या हयगयीसाठी राज्य उत्तरदायी आहे असे ठरवले. न्याय मिळायला तेहतीस वर्षे लागली ही त्या खटल्याची लाज वाटावी अशी बाजू आहे, पण तो निकाल आज आपल्या बाजूने उभा आहे.

आपल्यासमोर दोन मार्ग आहेत. पहिला दिवाणी दाव्याचा. मृत्यूबद्दलची भरपाई १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली मागता येते. हा हक्क पती, अपत्य आणि आई-वडील यांचा आहे, बहिणीचा नाही, त्यामुळे आपण सारी धावपळ करीत असलात तरी दावा मेहुण्यांच्या, बाळाच्या आणि आपल्या आई-वडिलांच्या नावे असायला हवा. मुदत मृत्यूपासून दोन वर्षे आहे, आणि शासनाविरुद्ध दावा करण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

दुसरा मार्ग रिट याचिकेचा, म्हणजे हक्क डावलल्याबद्दल थेट उच्च न्यायालयाकडे दाद मागण्याचा आहे. वेळेवर उपचार न देणे हे घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचे उल्लंघन आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात म्हटले. प्रसूतीनंतर दगावलेल्या एका मातेच्या कुटुंबाला दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली याच आधारावर भरपाई दिली. घटनाक्रमाविषयी वाद असेल तर उच्च न्यायालय दिवाणी न्यायालयाकडे बोट दाखवते, पण रक्त नव्हते आणि रुग्णवाहिका अमुक वेळेला निघाली हे सरकारी कागदांतूनच दिसत असेल तर रिट अधिक परिणामकारक ठरते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले असून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आले आहेत. वेंगुर्ल्याहून आंबोली घाट चढून कोल्हापूर गाठणे मुंबईपेक्षा किती सोपे आहे, हे मी आपल्याला सांगायला नको.

कागदांसाठी केसपेपरच्या अर्जाबरोबरच माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. त्यात त्या रात्री कामावर कोण होते, रक्तसाठ्याच्या नोंदवहीत त्या तारखेला कोणत्या गटाच्या किती पिशव्या होत्या, रक्तासाठी कोणाला कधी कळवले, रुग्णवाहिका कधी मागवली आणि कधी निघाली, हे विचारा. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूतीसाठी रक्त आणि रुग्णवाहिका विनामूल्य पुरवण्याची हमी २०११ पासून आहे, त्यामुळे ‘रक्त नव्हते’ हे उत्तर तिथेच संपत नाही. ते का नव्हते, हे सांगण्याची जबाबदारी रुग्णालयाची आहे. याशिवाय प्रत्येक मातामृत्यूचा शासकीय आढावा घेतला जातो आणि त्यात कुटुंबाचे म्हणणे ऐकण्याची तरतूद आहे. आशाताईंकडे आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे त्याची चौकशी करून आपले म्हणणे लेखी द्या. त्या आढाव्याचा हेतू दोषी ठरवण्याचा नसतो, परंतु आपल्या बहिणीच्या बाबतीत काय घडले याची नोंद आपल्या शब्दांतही राहिली पाहिजे.

प्रश्न : बाळ दगावल्यावर संतापाच्या भरात आमच्या वाडीतील तरुणांनी रुग्णालयाच्या काचा फोडल्या. आता आमच्यावरच गुन्हा दाखल झाला आहे, आणि डॉक्टरांना मात्र अटक नाही. हा कोणता न्याय?
— एक वडील, श्रीवर्धन तालुका

उत्तर : आपले दुःख मी समजू शकते, परंतु आपली बाजू काचा फोडल्याने कमकुवत झाली आहे. महाराष्ट्रात २०१० पासून असलेल्या कायद्यानुसार वैद्यकीय संस्थेवरील हल्ला हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि नुकसानीच्या दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. त्या प्रकरणासाठी स्वतंत्र वकील द्या आणि दोन्ही प्रकरणे एकमेकांत मिसळू देऊ नका.

डॉक्टरांना लगेच अटक न होण्याचे कारण ‘जेकब मॅथ्यू’ हा सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा निकाल आहे. भरपाईसाठी साधी हयगय पुरेशी असते, पण फौजदारी गुन्ह्यासाठी ती अत्यंत गंभीर स्वरूपाची असावी लागते. पोलिसांनी आधी शक्यतो शासकीय सेवेतील स्वतंत्र डॉक्टरांचे मत घ्यायचे असते आणि नेहमीच्या पद्धतीने अटक करायची नसते. मत डॉक्टरांच्या विरोधात आले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा होतो, आणि नोंदणीकृत डॉक्टरसाठी त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मात्र बाळ पोटातच गेले की जन्मल्यानंतर गेले, यावर कोणते कलम लागेल हे अवलंबून असते, म्हणून शवविच्छेदन झाले असल्यास त्याचा अहवाल मिळवा. फौजदारी खटल्यातून भरपाई मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. डॉक्टरांच्या परवान्यावर कारवाई हवी असेल तर तक्रार मुंबईच्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे शपथपत्रासह करावी लागते, तीही पैसे देऊ शकत नाही. आपल्याला नेमके काय हवे आहे, शिक्षा, परवान्यावरील कारवाई की भरपाई, हे घरात बसून आधी ठरवा.

प्रश्न : दुसऱ्या बाळंतपणात माझे सिझर झाले. सहा महिन्यांनी पाळी येईना म्हणून सोनोग्राफी केली, तेव्हा पिशवी काढून टाकल्याचे कळले. मला किंवा माझ्या पतीला कोणीही सांगितले नव्हते. दाखल होताना पतीची कोऱ्या छापील फॉर्मवर सही घेतली होती. आता वर्ष उलटले आहे. पती म्हणतात, जीव वाचला ना, सोडून दे. माझ्याजवळ स्वतःचे पैसे नाहीत.
— एक भगिनी, मंडणगड तालुका

उत्तर : ताई, सिझरनंतर रक्तस्राव कशानेच थांबत नसेल तर आईचा जीव वाचवण्यासाठी पिशवी काढावी लागते, आणि अशा आणीबाणीत संमतीसाठी न थांबणे कायद्याला मान्य आहे. त्यामुळे खरेच तशी वेळ आली होती का, हे आधी तपासावे लागेल. शस्त्रक्रियेच्या टिपणात किती रक्त गेले, आधी कोणती औषधे आणि उपाय केले, किती रक्त चढवले, हे लिहिलेले असले पाहिजे. काढलेली पिशवी तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवली होती का, हेही विचारा. यांपैकी काहीच नोंद नसेल तर आणीबाणीचा बचाव टिकणे कठीण आहे.

आणीबाणी होती असे दिसले तरी आपल्याला नंतरही न सांगणे हा वेगळा दोष आहे, आणि तो मला अधिक खटकतो. आपल्या शरीरातील अवयव काढला गेला हे जाणून घेण्याचा हक्क आपला आहे. समीरा कोहली प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की एका प्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसऱ्या प्रक्रियेला लागू होत नाही, आणि रुग्ण सज्ञान असून शुद्धीत येऊन स्वतः निर्णय घेऊ शकत असेल तर नातेवाइकाची संमती पुरत नाही. कोऱ्या फॉर्मवरील पतीची सही म्हणून सगळे संपले, असे समजू नका.

मुदतीबाबत घाबरू नका. हानी लपून राहिलेली असेल तर ती कळल्याच्या दिवसापासून मुदत मोजावी, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मांडले आहे. आपल्या सोनोग्राफीच्या अहवालावरील तारीख त्यासाठी महत्त्वाची आहे, म्हणून मूळ अहवाल स्वतःजवळ ठेवा. तरीही तक्रार शस्त्रक्रियेच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत केलीत, तर हा वादच उद्भवणार नाही.

पैशांचा प्रश्न सोडवता येण्यासारखा आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार प्रत्येक स्त्रीला, तिचे किंवा तिच्या पतीचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी पतीची परवानगी लागत नाही. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीच्या कार्यालयात आधार कार्ड, सोनोग्राफीचा अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. अर्ज तिथेच भरून घेतला जातो, आणि केसपेपर मागण्याचे पत्रही आपल्याला त्याच वकिलांकडून लिहून घेता येईल.